वाहनाचा जीर्णोद्धार की विसर्जन?

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी हाती घेतलेल्या कार्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही, ही आपल्या घराघरांतील श्रद्धा. त्यामुळे सोने, वास्तू आणि वाहन यांच्या खरेदीस या तिथीचा मान मोठा. २०२५ साली तर घटस्थापना आणि लहान मोटारींवरील करकपात ही दोन्ही एकाच दिवशी, २२ सप्टेंबरला आली. पूर्वी २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि वर उपकर असे जे ओझे होते, ते १८ टक्क्यांवर उतरले. २ ऑक्टोबरच्या दसऱ्यास झेंडूचे हार घातलेल्या नव्या गाड्या गावोगावी देवळांपुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या मालकांचे आम्ही अभिनंदनच करतो.

परंतु नवरात्रातील कीर्तन आटोपून बुक्का लावावयास श्रोते पुढे आले की त्यांतील एखादा गृहस्थ हलकेच एक प्रश्न विचारतो. "बुवा, दसऱ्याला नवी गाडी घ्यावी म्हणतो. जुनी अजून चालते, पण खर्च फार काढते. दुरुस्त करावी की काढून टाकावी?" हा प्रश्न आता इतक्या घरांत उभा आहे की त्यावर सणाच्या निमित्ताने चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे मत आरंभीच सांगतो. मुहूर्त हा ठरलेल्या कार्याच्या आरंभासाठी असतो. काय करावे हे ठरविण्याचे काम मुहूर्ताचे नव्हे. विवाहाचा मुहूर्त वधूवरांची पसंती झाल्यावर काढतात. पसंतीच मुहूर्तावर सोपविणारा गृहस्थ आपण पाहिलेला नाही. वाहनाच्या बाबतीत मात्र 'दसरा आला, आता घेऊनच टाकू' असे शहाणी माणसेही म्हणतात. हा निर्णय दसऱ्याच्या पुष्कळ आधी, गाडी नीट तपासून, वहीत आकडे मांडून आणि घरच्या सर्वांस विचारून करावयाचा असतो.

खंडेनवमीस पूजा कशाची?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी योद्धा आपले शस्त्र पूजतो, सुतार करवत व रंधा पूजतो, शेतकरी नांगर पूजतो आणि चालक आपले वाहन पूजतो. एसटीच्या गाड्यांना या सुमारास आंब्याची डहाळी आणि झेंडूचे तोरण बांधलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही पूजा वापरातल्या अवजारांची आहे. वर्षभर जे हाती राबले, ते त्या दिवशी बाहेर काढावयाचे, त्याचा गंज खरवडावयाचा, त्यास धार लावावयाची, तेल द्यावयाचे आणि मग त्यावर हळदकुंकू वाहावयाचे. गंध-फुलाच्या आधी घासणे-पुसणे आहे.

त्या न्यायाने पाहिले तर मोटारीच्या पूजेचा पहिला उपचार म्हणजे तिची तपासणी. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि ब्रेकचे ऑइल चार वर्षांत बदलले नाही, तर ती पूजा अपुरी राहिली असे म्हणावे लागेल.

संस्कृतात 'योगक्षेम' असा एक शब्द आहे. जे जवळ नाही ते मिळविणे म्हणजे योग, आणि जे मिळाले ते राखणे म्हणजे क्षेम. आपण लोक योगाच्या मागे फार धावतो. क्षेमाकडे दुर्लक्ष करतो. गृहस्थाश्रमास दोन्हींची गरज आहे, आणि जुन्या वाहनाचा प्रश्न हा मुख्यत्वे क्षेमाचा प्रश्न आहे.

जीर्णोद्धाराचा दंडक

जुने झाले म्हणून टाकावे की सुधारून ठेवावे, हा विचार आपल्या पूर्वजांस नवा नव्हता. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र अध्याय आहे. विहिरी, बारवा, तळी यांच्या जीर्णोद्धारास तेथे मोठे फल सांगितले आहे. परंतु जी मूर्ती अतिजीर्ण झाली, भंगली, तिचा त्याग करावा, असेही तोच अध्याय सांगतो. तीही उकिरड्यावर टाकावयाची नाही. वस्त्राने झाकून, वाजतगाजत नेऊन जलात सोडावयाची. आणि तिच्या जागी जी नवी बसवावयाची, ती जुनीच्याच मापाची व जुनीच्याच द्रव्याची असावी.

मूर्ती आणि मोटार यांची बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु विचार करण्याची जी रीत येथे दिसते, ती कोणत्याही जीर्ण वस्तूस लावून पाहावी अशी आहे. तिचे तीन भाग पडतात. जे मुळात धड आहे ते दुरुस्त करावे. जे मुळातच भंगले आहे ते मोह न धरता, पण सन्मानाने, सोडावे. आणि नवे आणावयाचेच झाले तर ते आपल्या मापाचे आणावे. प्रस्तुत विषयाचे सारे सार या तीन वाक्यांत आहे.

सांगाडा आणि अवयव

मोटारीचे 'मूळ' कोणते? पुष्कळांस वाटते, इंजिन. आमच्या ओळखीचे जुने मिस्त्री याच्याशी सहमत नाहीत. क्लच प्लेट झिजते, रेडिएटर गळतो, बॅटरी उतरते, सस्पेन्शनचे रबरी बुश फाटतात. हे सारे अवयव होत, ते बदलता येतात. इंजिनही उघडून बांधता येते. परंतु ज्या पत्र्यावर आणि ज्या सांगाड्यावर हे अवयव बसविलेले असतात, तो गंजाने खाल्ला असेल तर बदलावयाचे काय? म्हणून गाडी आधी लिफ्टवर चढवून खालून पाहावी. दारांखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा, सस्पेन्शन जेथे जोडले जाते त्या जागा, या ठिकाणी बोथट अवजाराने ठोकून पाहिल्यास गंज वरवरचा की आरपार, हे कळते. कोकणपट्टीत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे जी गाडी बारा वर्षांत पोखरते, तीच देशावर वीस वर्षे धड राहते. वय विचारून भागत नाही. गाडीने कोठे वास केला हेही विचारावे लागते.

इंजिनाचीही काही लक्षणे सामान्य माणसास ओळखता येतात. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट शिरत असण्याचा संभव आहे, आणि तसे असेल तर खर्च मोठा असतो. सिलिंडरमधील दाब मोजण्याची तपासणी कोणतेही चांगले गॅरेज करून देते. ती एकदा करून घेतली म्हणजे अंदाजाने बोलावे लागत नाही.

टायरच्या गालावर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात झालेला. नक्षी शाबूत दिसते म्हणून पुष्कळ लोक दहा वर्षांचा टायर वापरत राहतात. रबर मात्र उभ्या गाडीतही म्हातारे होते. ब्रेकचे ऑइल हवेतील ओल शोषून घेते. घाट उतरताना ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. पसरणी किंवा खंबाटकीच्या उतारावर याचा अर्थ काय, हे आम्ही सांगावयास नको.

जुन्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत आणखी एक पाहावे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वदूर पोहोचले. त्याआधीच्या पुष्कळ गाड्या या मिश्रणासाठी घडविलेल्या नव्हत्या. त्यांच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासून, लागल्यास बदलून घ्याव्यात. हे काम फार मोठ्या खर्चाचे नाही, पण गळतीने आग लागू शकते, म्हणून टाळण्याजोगेही नाही.

कायद्याविषयीचे समज

'पंधरा वर्षे झाली, आता गाडी भंगारातच' असे वाक्य सर्वत्र ऐकू येते. हा समज बरोबर नाही. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात गाडी दाखवून, ती योग्य ठरल्यास, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते आणि पुढेही अशीच वाढविता येते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते २०२५ च्या ऑगस्टात १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात अशा जुन्या गाडीस पर्यावरण करही भरावा लागतो. जुने वाहन ठेवणे महाग व्हावे असा सरकारचा हेतू यात स्पष्ट आहे, परंतु बंदी नाही.

गोंधळ झाला तो दोन कारणांनी. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरचा जो निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केला, तो दिल्ली परिसरापुरता होता, आणि २०२५ साली न्यायालयाने त्यातही फेरबदल केले. दुसरे कारण मुंबईच्या टॅक्सींचे. त्यांस २० वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे २००३ साली नोंदलेली अखेरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. भाड्याच्या वाहनाचे नियम घरच्या मोटारीस लावून घाबरण्याचे कारण नाही.

हवेचा विचार मात्र प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. डिझेल मोटारीतून किलोमीटरमागे निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-चार मानकात २५० मिलिग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकात ती ८० आहे. पेट्रोल गाडीत हा फरक ८० वरून ६० इतकाच आहे. म्हणजे जुनी डिझेल गाडी रोज शहरातून फिरविणारा आणि जुनी पेट्रोल गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर काढणारा, या दोघांस एकच उपदेश करता येत नाही. नवी गाडी घडविण्यासही पोलाद आणि वीज लागते, हे खरे. परंतु ज्या घरातून दररोज पन्नास किलोमीटर जुने डिझेल जळते, त्या घराने हे कारण पुढे करू नये.

जमाखर्च

आता पैशाकडे वळू. गॅरेजवाल्याने साठ हजारांचा अंदाज दिला की गृहस्थ दचकतो आणि म्हणतो, "गाडीची किंमतच लाखभर, तिच्यावर साठ हजार कोण घालणार!" हा हिशेब चुकीच्या तागडीत टाकलेला आहे. साठ हजारांची तुलना जुन्या गाडीच्या बाजारभावाशी करावयाची नसून, नव्या गाडीस वर्षाकाठी जे पडेल त्याच्याशी करावयाची आहे.

उदाहरण घेऊ. पाच लाखांचे कर्ज, व्याज दरसाल ९ टक्के, मुदत पाच वर्षे. मासिक हप्ता सुमारे १०,३८० रुपये येतो. वर्षाचे सुमारे सव्वा लाख, आणि पाच वर्षांत एकूण फेड सुमारे ६ लाख २३ हजार. वर विम्याचा वाढीव हप्ता. या काळात गाडीचे मोल किती उतरते, ते वाहनविम्यात प्रचलित असलेल्या कोष्टकावरून कळते. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरतात. हप्ते फिटेपर्यंत गाडी निम्म्या किमतीची झालेली असते. जुन्या गाडीची ही घसरण बहुतेक होऊन गेलेली असते, हा तिचा मोठा गुण.

म्हणून वहीत मागील तीन वर्षांच्या दुरुस्तीच्या पावत्या मांडाव्यात, त्यांची वार्षिक सरासरी काढावी आणि नव्या गाडीच्या वार्षिक भाराशी ती ताडून पाहावी. सरासरी निम्म्याहून कमी असेल आणि सांगाडा धड असेल तर दुरुस्तीच श्रेयस्कर. ती त्या भाराच्या जवळ जाऊ लागली, किंवा सुटे भाग महिना महिना मिळेनासे झाले, तर गाडी आपणहून निरोप मागते आहे असे समजावे.

आमच्या घरचा निर्णय

केवळ उपदेश करून थांबणे बरे नव्हे, म्हणून आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमची लहान पेट्रोल मोटार २०१० च्या दसऱ्याची. २०२५ च्या ऑक्टोबरात तिची १५ वर्षे भरावयाची होती. चिरंजीवांचे म्हणणे, "बाबा, आता ही काढा, नवी घेऊ." आमच्या सहधर्मचारिणीचे म्हणणे, ज्या गाडीतून धाकट्या लेकीची पाठवणी केली ती विकावयाची नाही. भावनेस घरात आसन द्यावे, पण सुकाणू तिच्या हाती देऊ नये, असे आमचे मत. आणि ते दोघांसही लागू होते, कारण नवेपणाची हौस हीसुद्धा भावनाच आहे.

श्रावणातच गाडी वर चढवून पाहिली. पत्रा व सांगाडा निरोगी. इंजिनाचा दाब ठीक. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, रेडिएटर, चार टायर आणि इंधनाच्या नळ्या मिळून ६८ हजारांचा अंदाज आला. गाडीची धाव वर्षाकाठी सहा हजार किलोमीटर, बहुतेक वाई-साताऱ्याच्या दिवसाच्या फेऱ्या. येथवर हिशेब दुरुस्तीकडे झुकत होता.

परंतु कीर्तनकाराच्या गाडीत कीर्तनकार एकटा बसत नाही. पेटी असते, तबला असतो, आणि ते वाजविणारी माणसे असतात. आमच्या साथीस तबल्यावर बसणारा तरुण नुकताच एका कन्येचा पिता झाला आहे. डोंगरावरच्या एखाद्या गावचे कीर्तन रात्री अकरास आटोपते, आणि पसरणीचा घाट उतरताना मध्यरात्र होते. तो पुढे, चालकाशेजारी बसतो. त्या आसनापुढे आमच्या गाडीत एअरबॅग नाही. चाके जागीच अडकू नयेत यासाठीची ब्रेकची जी यंत्रणा २०१९ च्या एप्रिलपासून प्रत्येक नव्या मोटारीस सक्तीची झाली, तीही नाही. चालकासाठी एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून आणि शेजारच्या आसनासाठी २०२२ च्या आरंभापासून सर्व नव्या मोटारींत सक्तीची आहे. या गोष्टी गॅरेजमध्ये मागाहून बसवून घेण्याजोग्या नव्हेत. ६८ हजार काय, दोन लाख खर्चूनही आमची गाडी या बाबतीत नवी होणार नव्हती.

तेव्हा आम्ही काम वाटून दिले. गाडी दुरुस्त केली, नोंदणी वाढवून घेतली; दिवसाच्या जवळच्या फेऱ्या ती करते. रात्रीच्या घाटास तिला नेत नाही. त्यासाठी अलीकडची, दोन्ही एअरबॅगांची गाडी भाड्याने घेतो. अशा फेऱ्या वर्षास बारा-चौदा होतात, त्यांचे तीस-पस्तीस हजार आमच्या बिदागीतून वजा होतात. तरीही एकूण खर्च नव्या गाडीच्या हप्त्यांपेक्षा कमी राहतो. ज्यांची रात्रीची धाव रोजची असेल, त्यांनी हाच हिशेब मांडला तर उत्तर उलट येईल, आणि त्यांनी नवी गाडी अवश्य घ्यावी. आमचा निर्णय इतरांनी उचलावा असा आमचा आग्रह नाही. आमची रीत उचलावी.

ही वाटणी आम्ही कागदावर लिहून ठेवली आहे आणि तिच्याखाली एक अटही लिहिली आहे. सांगाड्यात आरपार गंज दिसला, किंवा ब्रेकच्या कोणत्याही भागास खात्रीचा पर्याय मिळेनासा झाला, की ती गाडी त्याच दिवशी उभी करावयाची. त्या दिवशी तिथी पाहावयाची नाही. ब्रेकचा भरवसा गेलेल्या गाडीतून उतरावयास अमावास्याही चालते.

अर्जुनाचा रथ

महाभारताच्या शल्यपर्वातील एक प्रसंग येथे स्मरतो. युद्ध संपले. पांडव शिबिराशी आले. श्रीकृष्णांनी अर्जुनास सांगितले की गांडीव आणि भाते घेऊन तू आधी रथातून उतर. अर्जुन उतरला. मग भगवंत उतरले. ते उतरताच ध्वजावरचा कपी अंतर्धान पावला आणि तो दिव्य रथ पाहता पाहता जळून भस्म झाला. अर्जुनाने विस्मयाने कारण विचारले. उत्तर मिळाले की द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी हा रथ कधीच दग्ध झाला होता. मी त्यावर बसलो होतो म्हणून तो एकत्र राहिला. कार्य झाले, आता तो सोडला.

कीर्तनात हा प्रसंग सांगताना आम्ही भक्तीचा अर्थ सांगतो, आणि तोच मुख्य आहे. परंतु गृहस्थासाठी त्यात एक व्यवहारही आहे. बाहेरून तेजस्वी दिसणारा रथ आतून केव्हाच जळालेला असू शकतो. रंग आणि पॉलिश हा पुरावा नव्हे. तसेच, वाहन सोडण्याची वेळ आली की आधी माणसे उतरवावयाची, मग वाहनाचे काय व्हावयाचे ते होवो. आपल्या गाड्यांवर भगवंत सारथी म्हणून प्रत्यक्ष बसलेले नाहीत. डॅशबोर्डवर त्यांची मूर्ती आहे, ती आपल्याला जागे ठेवण्यासाठी. ब्रेकची जबाबदारी त्यांच्यावर ढकलण्यासाठी नाही.

गाडी सोडावयाची ठरली की तीही धर्माने सोडावी. विकावयाची तर तिचे दोष घेणाऱ्यास स्पष्ट सांगावेत. दोष झाकून विकलेली गाडी दुसऱ्याच्या मुलाबाळांस घेऊन रस्त्यावर जाते, हे विसरू नये. नावबदल त्वरित करून घ्यावा. नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात म्हटले आहे. मागाहून अपघात झाला तर भरपाईचा भार जुन्या मालकावर येऊ शकतो. भंगारात द्यावयाची तर २०२१ च्या धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रातच द्यावी. तेथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या वाहनाच्या करात सवलत मिळू शकते, आणि आपली गाडी पुन्हा कोणाच्या हाती रस्त्यावर येणार नाही याची खात्री राहते.

आपले माप

राहता राहिला तिसरा दंडक, मापाचा. सर्वांत अधिक मोडला जातो तो हाच. जुनी लहान गाडी द्यावयास गेलेला गृहस्थ शेजाऱ्याकडे पाहून, विक्रेत्याचे ऐकून, 'हप्ता थोडाच वाढतो' या एका वाक्यावर दुप्पट मोठी गाडी घेऊन येतो. पुढे पाच-सात वर्षे घरातील शिक्षण, औषधपाणी आणि तीर्थयात्रा त्या हप्त्याच्या मागे उभ्या राहतात. चार माणसांच्या घरास चार माणसांची गाडी पुरते. वर्षातून दोनदा सात माणसे जावयाची असतील तर त्या दोन दिवसांपुरते मोठे वाहन भाड्याने मिळते.

आपट्याची पाने आपण सोने म्हणून वाटतो. त्यामागे कौत्साची कथा आहे. कालिदासाने ती रघुवंशाच्या पाचव्या सर्गात रंगविली आहे. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान करून रघुराजा रिता झालेला. अर्घ्य द्यावयास त्याच्याजवळ मातीचे पात्र उरलेले. अशा वेळी वरतंतूंचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी १४ कोटी मागावयास येतो. राजा कुबेरावर चाल करावयास सिद्ध होतो आणि रातोरात कोषागारात सोन्याचा पाऊस पडतो. राजा म्हणतो, सारेच ने. कौत्स म्हणतो, मला गुरूस द्यावयाचे तेवढेच हवे. लोककथा पुढे सांगते की उरलेले सोने आपट्याच्या झाडाखाली लुटविले गेले, आणि म्हणून ती पाने सोने झाली.

दसऱ्याच्या सोन्याचा जन्मच असा 'मला एवढे पुरे' या शब्दांतून झालेला आहे. ज्याच्या सांगाड्यात अजून धमक आहे त्याने जुनी गाडी घासूनपुसून, दुरुस्त करून तिला हार घालावा. ती पूजा नव्या गाडीच्या पूजेहून कणभरही उणी नाही. ज्याची गाडी खरोखर थकली आहे, किंवा ज्याच्या घरची माणसे रोज धोक्याच्या वाटेने जातात, त्याने संकोच न करता नवी आणावी, आपल्या मापाची आणावी. आणि दोघांनीही सीमोल्लंघन करून रात्री आपापल्या घरी सुखरूप परतावे, हीच आमची जगदंबेच्या चरणी प्रार्थना.